मदत हवी आहे : जॉन ब्राउनच्या पाठीराख्यांची पत्रं मराठीत कशी आणू?

नमस्कार मंडळी,

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. त्या लोकांवर आमच्या वाचनकट्ट्यात बोलायचं ठरवलं आणि मी गुलामीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राउनपाशीच अडकले. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री गुलामांचा उठाव घडवायला त्याने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, २ डिसेंबरला तो फासावर गेला. त्याला पैसा पुरवणाऱ्या सहा जणांच्या पत्रांनी मला झपाटलंय.

फेब्रुवारी १८५८ मध्ये त्या सहांपैकी हिगिन्सनला लिहिताना ब्राउन आपल्या बेताला 'रेल्वेचा धंदा' म्हणतो. गुलामांना पळवून नेणाऱ्या गुप्त वाटांना तिकडे 'भूमिगत रेल्वे' म्हणत, त्यावरून हे. शब्द तसाच ठेवला तर ऐकणाऱ्यांना खरीच आगगाडी वाटेल; फोड केली तर पत्रातला जपून बोलण्याचा सूर जातो. काय करू?

हल्ला फसल्यावर सहांपैकी सॅनबर्न, हाऊ, स्टर्न्स अटकेच्या भीतीने कॅनडात गेले. हिगिन्सन जागचा हलला नाही. त्यांच्यातल्याच, क्षयाने खंगलेल्या पार्करने रोमहून लिहिलं, की स्वातंत्र्याआड येणाऱ्याला ठार मारायचा गुलामाला नैसर्गिक हक्क आहे. गुलामीविरोधी लेखिका लिडिया मारिया चाइल्डला ब्राउनचा मार्ग मान्य नव्हता, तरी तिने कैदेतल्या त्या जखमी माणसाची शुश्रूषा करायला येऊ द्या म्हणून पत्र धाडलं. हे वाचून मी रात्रभर जागी होते.

आणखी एक. या लोकांना 'गुलामगिरी-निर्मूलक' म्हणवत नाही, सरकारी खातं वाटतं. जोतीरावांच्या काळातला एखादा जिवंत शब्द कुणाला आठवतो का? रविवारी बोलायचंय.