मदत हवी आहे: मोबाइल मराठी पुस्तक नीट वाचत नाही

कृष्णाकाठ: पलूसजवळचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं वाचनालय सांभाळतो. दोन अंध मुलं येतात. पानाचा फोटो काढून आवाज लावला की भलतंच वाचतं. जोडाक्षरं तुटतात, अनुस्वार गायब. कुठलं एआय घेऊ? फुकट असेल तेच सांगा, जरा लवकर.

खटपट्या: ॲप कुठलं? पुस्तकं कसली? अक्षर ओळखण्यात चुकतंय की बोलण्यात? ओळखलेला मजकूर आधी स्वतः वाचून बघा.

मिरजकर: एवढी चौकशी कशाला? चॅटबॉटला फोटो द्या, शुद्ध मराठी तयार.

खटपट्या: @मिरजकर, तिथंच घात आहे. पुसट ओळ तो मनानं भरतो, तीही इतकी सुबक की शंका येत नाही. आपण मूळ पान ताडून बघू, त्या पोरांनी काय करायचं?

मिरजकर: माझं काम तरी कधी अडलं नाही.

जुना वाचक: अनुदान वेळेवर मिळतं का तुम्हाला? १९६७ चा ग्रंथालय कायदा काढून बघा एकदा. 'ड' चा 'क' वर्ग करून घ्या, मग मशीनच घ्या.

कृष्णाकाठ: काका, अनुदानाचं नंतर. मजकूरच चुकतोय. पुस्तकं स्पर्धा परीक्षेची आहेत, तक्ते फार. फोटो संध्याकाळी काढतो, शिवणीजवळ काळी सावली येते.

खटपट्या: हे आधी सांगायचं की हो! दिवसाउजेडी काढा, पानावर काच ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा. 'टेसरॅक्ट' हे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी ओळखतं. गूगल ड्राइव्हमध्ये फोटो टाकून डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर निघतो. तक्ते मात्र दोन्हीकडे विस्कटतात, ते माणसानंच वाचून रेकॉर्ड करावेत. आणि 'सुगम्य पुस्तकालय', म्हणजे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, बघितलंत का? २०१६ पासून आहे. पुस्तक तिथं असलं तर सगळी मेहनत वाचेल.

द्राक्षबाग: मुलांना भिलारला न्या. पुस्तकांचं गाव, फार छान आहे.

शंकासुर: @द्राक्षबाग, तिथं नेऊन त्यांनी काय बघायचं? बरं, परीक्षेची पुस्तकं म्हणजे प्रकाशक कोर्टात खेचणार नाही का?

कलमबहाद्दर: नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंगांना वाचता येईल अशी प्रत नफा न घेता करता येते. फक्त ती प्रत गावच्या ग्रुपवर फिरवू नका.

कृष्णाकाठ: काच मिळेल. टेसरॅक्ट टाकलं की लगेच बोलतं का?

खटपट्या: नाही, ते नुसतं अक्षर ओळखतं. बोलायला वेगळं लागेल. कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' फुकट आहे, त्यात मराठी आवाज मिळतो, थोडा यंत्रासारखा. पण वाचनालयात कॉम्प्युटर आहे का नुसता मोबाइलच, ते अजून सांगितलं नाहीत.