जुन्या टीव्हीला एकच एव्ही इनपुट: चार उपकरणे कायमची कशी जोडावीत?

पडदानशीन:
माझ्याकडे पिक्चर ट्यूबचा एकवीस इंची टीव्ही असून तो अजून उत्तम चालतो. त्याच्या मागील बाजूस अँटेनाचे एक सॉकेट आणि पिवळ्या व पांढऱ्या पिनांचा एकच एव्ही इनपुट आहे. लाल पिनेसाठी जागाच नाही. मला त्याला व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स आणि केवळ एचडीएमआय असलेली स्ट्रीमिंग स्टिक अशी चार उपकरणे जोडायची आहेत. सध्या प्रत्येक वेळी टीव्ही पुढे ओढून पिना बदलाव्या लागतात आणि त्यामुळे सॉकेट सैल होऊ लागले आहे. दोन पिना एकत्र करणारी वाय आकाराची जोडणी वापरून सर्व उपकरणे एकाच इनपुटला जोडावीत, असे एकाने सुचवले. ते योग्य आहे का? नसल्यास दुसरा मार्ग कोणता?

वायरमन:
वाय जोडणी या कामासाठी वापरू नये. एका आउटपुटचा सिग्नल दोन ठिकाणी नेणे आणि दोन आउटपुट एकमेकांना जोडणे या निराळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओचा प्रत्येक आउटपुट ७५ ओहमच्या इनपुटसाठी बनवलेला असतो. दोन उपकरणे थेट जोडली, की जे बंद आहे तेही चालू असलेल्या उपकरणाच्या सिग्नलवर भार टाकते आणि चित्र फिके पडते. दोन्ही चालू राहिली, तर दोन चित्रे एकमेकांत मिसळून पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो.

आपल्याला हवा आहे तो एव्ही सिलेक्टर. ही पुढे बटणे आणि मागे सॉकेटांच्या रांगा असलेली छोटी पेटी असते. तीन किंवा चार इनपुट, एक आउटपुट. जे बटण दाबाल तेच उपकरण टीव्हीला जोडले जाते, बाकीची पूर्णपणे तुटतात. साध्या बटणांच्या सिलेक्टरला वीजही लागत नाही. पेटी हाताशी येईल अशा जागी ठेवावी, म्हणजे टीव्हीच्या मागची पिन एकदा बसवली की पुन्हा काढण्याची वेळ येत नाही. पिवळ्या पिनेसाठी मात्र व्हिडिओचीच केबल घ्यावी, कारण ऑडिओची बारीक वायर लांब अंतरावर चित्राच्या कडा पुसट करते.

स्ट्रीमिंग स्टिकसाठी वेगळा कन्व्हर्टर लागेल आणि तो घेताना दिशा नीट पाहावी. ‘एचडीएमआय ते एव्ही’ आणि ‘एव्ही ते एचडीएमआय’ हे दोन्ही कन्व्हर्टर दिसायला जवळजवळ सारखेच असतात, पण एक दुसऱ्याचे काम करत नाही. नुसती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली केबलही चालणार नाही. डिजिटल सिग्नलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारी चिप मध्ये असावीच लागते आणि तिला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो.

जुनेतेसोने:
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु तीनच इनपुटचा सिलेक्टर मिळाला तरी आपले काम भागेल. व्हीसीआरमध्ये आरएफ मॉड्युलेटर (चित्र आणि आवाज टीव्ही चॅनेलच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असतो, म्हणून तो टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडावा, टीव्हीवर एक चॅनेल व्हीसीआरसाठी ट्यून करून ठेवावे आणि एव्ही इनपुट उरलेल्या तिघांसाठी मोकळा ठेवावा. या मार्गाने चित्र किंचित उतरते हे खरे, पण व्हीएचएस कॅसेटचे मूळ चित्रच इतके मऊ असते की तो फरक सहसा खटकत नाही. व्हीसीआरला एव्ही इनपुट असल्यास डीव्हीडी प्लेअर त्यातून पुढे नेता येईल, म्हणजे सिलेक्टरची आणखी एक जागा वाचेल.

तिसरीपिन:
अँटेना सॉकेटचा सल्ला उत्तम आहे, पण डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरमधून नेऊ नये. अनेक डीव्हीडींच्या बाबतीत प्लेअर आपल्या ॲनालॉग आउटपुटमध्ये मॅक्रोव्हिजन नावाचे कॉपी-संरक्षण मिसळतो. पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये मुद्दाम घातलेल्या त्या स्पंदांमुळे व्हीसीआरमधील सिग्नलची पातळी आपोआप राखणारे सर्किट फसते आणि चित्र काही क्षण भगभगीत, काही क्षण काळवंडलेले असे सतत बदलत राहते. अशा वेळी लोक प्लेअर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेतात, पण तोच प्लेअर टीव्हीला थेट जोडला की चित्र स्थिर होते. साधा सिलेक्टर सिग्नलची पातळी बदलत नसल्याने त्यातून ही अडचण येत नाही.

आवाजाबद्दलही सांगतो. आपल्या टीव्हीला ऑडिओचे एकच सॉकेट आहे. पांढरी पिन म्हणजे डावी वाहिनी. केवळ तीच जोडली तर उजव्या बाजूचा आवाज ऐकू येणारच नाही आणि काही ठिकाणी एखादे वाद्य गायब झाल्यासारखे वाटेल. ज्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये मोनो आवाजाचा (दोन्ही बाजू एकत्र करण्याचा) पर्याय असेल, तेथे तो निवडावा. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूमध्ये पडद्याचा आकार ४:३ करावा, नाहीतर माणसे उभी ताणलेली दिसतील.

पडदानशीन:
सर्वांचे आभार. व्हीसीआर अँटेना सॉकेटला जोडला आणि उरलेली तिन्ही उपकरणे सिलेक्टरला लावली. डीव्हीडी आणि सेट-टॉप बॉक्स अगदी व्यवस्थित चालतात. स्ट्रीमिंग स्टिकचे चित्र मात्र कृष्णधवल येते आणि मेनूमधील अक्षरे नीट वाचता येत नाहीत. कन्व्हर्टर सदोष असेल का?

वायरमन:
आधी कन्व्हर्टरच्या कडेला असलेले पीएएल-एनटीएससी बटण पाहा. या रंगीत टीव्ही सिग्नलच्या दोन निराळ्या पद्धती आहेत. पीएएलमध्ये चित्राच्या ६२५ ओळी आणि रंगाची माहिती नेणारी उपवाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झची असते. एनटीएससीमध्ये ५२५ ओळी आणि ३.५८ मेगाहर्ट्झ. टीव्ही केवळ पीएएलसाठी बनवलेला असेल आणि कन्व्हर्टर एनटीएससी पाठवत असेल, तर टीव्ही उजेड-अंधार ओळखतो पण रंग उलगडू शकत नाही, आणि म्हणूनच चित्र कृष्णधवल दिसते. बटण सरकवल्यावर कन्व्हर्टर एकदा बंद करून चालू करावा, कारण काही कन्व्हर्टर नवी निवड चालू होतानाच वाचतात.

अक्षरांबाबत फारशी सुधारणा होणार नाही. १०८० ओळींचे चित्र पीएएलच्या ५७६ दृश्य ओळींत बसवले जाते, शिवाय एकाच पिवळ्या तारेतून उजेड आणि रंग एकत्र जात असल्याने बारीक रेषा विरघळतात. स्टिकच्या सेटिंगमध्ये मोठी अक्षरे आणि पडद्याच्या कडा आत ओढण्याचा पर्याय असल्यास दोन्ही वापरावेत, कारण पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्राची किनार थोडी पडद्याबाहेर टाकतो आणि मेनूचा एखादा शब्द तिथेच हरवतो. स्टिक आणि कन्व्हर्टर यांना वेगवेगळे चार्जर द्यावेत. एकाच दुबळ्या चार्जरवर दोन्ही चालवली, तर स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहते.