कादंबरी वाचताना कुठे थांबलात?

पावसाने दोन दिवस घरात कोंडलं, म्हणून 'रणांगण' परत काढली. विश्राम बेडेकरांची, १९३९ सालची. एवढीशी आहे, दोन रात्रींत संपते. विशीत वाचली तेव्हा चक्रधरवर चिडलो होतो. हॅर्टासारखी मुलगी समोर, नाझींनी देशातून हाकललेली ज्यू, आणि हा मुंबईला उतरून मोकळा! बोट तिला घेऊन पुढे पूर्वेकडे जाते. आता पन्नाशी उलटल्यावर त्याच जागी पुस्तक उपडं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. या वेळी राग आला नाही. मीही उतरलोच असतो, हे कळलं. बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, बोट लागली."

तर हा धागा त्यासाठी. अलीकडे वाचलेल्या कादंबरीत तुम्ही कुठे थांबलात ते लिहा. कथानक सांगत बसू नका, ते मलपृष्ठावर असतं. अर्धवट सोडलेलीही चालेल, कारण मात्र सांगा.

अमरावतीची सून, सध्या पुणे

मी पुण्यात वाढलेली. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) तीनदा हातात घेतली आणि तिन्ही वेळा दहाव्या पानाआधी ठेवली. माणसं वऱ्हाडीत बोलायला लागली की मी अडखळायचे. सासूबाई अमरावतीकडच्या. एका दुपारी मेथी निवडत होत्या. मला पुटपुटताना पाहून म्हणाल्या, "आन इकडे, मी वाचतो." (त्यांच्याकडे बायकाही 'वाचतो'च म्हणतात. पहिल्या वर्षी मला हसू यायचं.) चष्मा लावला आणि मेथीचं ताट माझ्याकडे सरकवलं.

कौतिकचं बोलणं त्यांनी वाचलं नाही, त्या बोलल्याच. सूर कुठे वर न्यायचा, कुठे तोडायचा, हे छापलेल्या अक्षरात नसतंच. आठवडाभर रोज दुपारी तासभर अशी 'धग' ऐकली. नवरा महादेव शिंपी, पण घर चालवायचं ते कौतिकनेच. एका ठिकाणी आई थांबल्या. पानावर बोट तसंच. "माह्या मायनंबी असेच दिवस काढले," एवढंच म्हणाल्या आणि पान उलटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांच्या आईबद्दल मी पहिल्यांदा काही ऐकलं.

नाशिक, इंजिनियर

नेमाड्यांची 'कोसला' चौथ्यांदा सोडली. उदाहरणार्थ आणि वगैरे यांनी डोकं उठलं. १९६३ साली नवं असेल, आता निम्म्या फेसबुक पोस्टी तशाच असतात. मारायला धावू नका.

जळगाव

धावत नाही, पण पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापर्यंत तरी थांबायचं होतं. देवी येऊन ती जाते त्या पानांवर पांडुरंगाचा टवाळ सूर टिकत नाही. की टिकतो, आणि म्हणूनच सहन होत नाही? मी दर वेळी तिथे थांबते. मला धाकटा भाऊ होता.

नाशिक, इंजिनियर

बरं. पाचव्यांदा घेतो.

माण तालुका, शिक्षक

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' डी.एड.ला परीक्षेपुरती वाचली होती. या उन्हाळी सुट्टीत परत वाचली आणि हसू आलं. मास्तरचं काम अजून तेच आहे! शिकवणं थोडं, बाकी अर्ज लिहून द्या, तालुक्याला निघालाच आहात तर एवढं आणा. तालमीचा भाग पूर्वी आवडायचा, यंदा जरा लांबल्यासारखा वाटला. थांबलो ते शेवटी. दुष्काळ पडतो, मेंढरं घेऊन माणसं निघतात, वाडी ओस.

दिवाळीनंतर आमच्याकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. गेल्या साली माझ्या तिसरीत २१ पैकी ८ पोरं उरली. एकाची वही तपासायला घेतली होती, ती टेबलावरच राहिली. महिने गेले. हंगाम संपवून तो परत आला तेव्हा वर्गात शिरल्या शिरल्या आधी वही मागितली. मी तपासली नव्हती.

चिपळूण

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७), दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या पिढ्यान् पिढ्या. वाचनालयातून पहिला खंड आणला तर आतल्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने वंशावळ काढलेली. मोठा आधार झाला. पण एक नाव भलत्याच फांदीवर लावून खोडलेलं, पुढे प्रश्नचिन्ह, आणि तिथे वंशावळच खुंटलेली. त्या वाचकाने बहुधा तिथेच हात टेकले. मी ती पुरी केली. दुसरा खंड कुणा सभासदाकडे दोन महिने अडकला. मिळाला तोवर निम्मी माणसं विसरलो होतो, त्यामुळे स्वतःचीच वंशावळ बघायला पहिला खंड पुन्हा आणावा लागला. पुस्तकात लिहिणं वाईट, मान्य.

महाड

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला म्हणून घेतली. धरणाने उठवलेली माणसं, आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशी. आमची आजी कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावची. आता तिला नातवंडांची नावं आठवत नाहीत, चंद्रीचं आठवतं. चंद्री म्हणजे म्हैस. पुस्तक अर्ध्यावर असताना तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "आजी, चंद्रीचं काय केलंत?"

"सोडली."

मी इतकी वर्षं विकली असं धरून चाललो होतो. उरलेलं पुस्तक अजून वाचलेलं नाही.

ठाणे

नंदा खऱ्यांची 'उद्या' (२०१४). माहिती जास्त, माणसं कमी, मध्ये कंटाळलो. तरी त्यातली पाळत वाचून रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवला. सकाळी गजर ऐकू आला नाही, ऑफिसला उशीर. या कादंबरीचा अकादमी पुरस्कार लेखकाने नाकारला होता, हे नंतर कळलं.

अमरावतीची सून, सध्या पुणे

पुन्हा मीच. 'धग' संपली, आईंना पुढचं पुस्तक हवंय. मी रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' आणली. म्हणाल्या, हे मराठवाड्यातलं, हे तू वाच, मी ऐकतो. पहिली चार पानं वाचली, माझे उच्चार ऐकून त्या पोट धरून हसल्या. मग विचारलं, "या बाईचा नवरा काय करते?" म्हटलं, शिंपीच आहे.

"शिंप्यायच्याच मांगं लागले का वं हे लिवनारे?"