मदत हवी आहे: हळदीचा कंटेनर, जहाजाला आग आणि बारा क्लबांचा पूल

वसमतच्या मोंढ्यात आमची हळदीची आडत आहे. निर्यातीत अजून शिकाऊच. न्हावाशेव्याहून गेलेल्या आमच्या कंटेनरच्या जहाजाला वाटेत आग लागली. आमच्या डब्यापर्यंत आग आली नाही, पण विझवायचं पाणी आत शिरलं. सर्व्हेअरच्या फोटोत खालच्या थरातली पोती काळी पडलीत, कांड्यांवर पांढरी बुरशी दिसतेय. वरचा माल ठणठणीत आहे. मरीन विमा काढलेला होता, नशीब. (वडील म्हणत होते, उगाच खर्च कशाला.)

आता एजंट म्हणतो, जहाजवाल्याच्या पी अँड आय क्लबवर (जहाजमालकांनी मिळून चालवलेली विमा संस्था) क्लेम लावा, बारा क्लबांचा पूल आहे, म्हणजे मोठं नुकसान ते वाटून घेतात, पैशाला तोटा नाही. वाचलं तेव्हा कळलं की जगातल्या समुद्री जहाजांचं जवळपास ९० टक्के टनेज (जहाजांचं एकूण आकारमान) या क्लबांकडे आहे. १ कोटी डॉलरपर्यंतचा क्लेम ज्याचा त्यानं सोसायचा, त्यावर १० कोटीपर्यंत बाराही जणांनी वाटून घ्यायचा, त्याच्याही वर बाजारातून घेतलेला पुनर्विमा, म्हणजे विमा देणाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेला विमा. २०२४ साली अमेरिकेतला बाल्टिमोरचा नदीवरचा पूल पाडणारं ‘डाली’ जहाज यातल्याच ब्रिटानिया क्लबकडे होतं. म्हणजे पुलाची भरपाई पुलातून!

आमचा लाखांतला क्लेम तिथवर जातो का? आणि एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे हे क्लब दुसऱ्याचं नुकसान का भरतात? आमच्याकडं शेजारचा आडत्या बुडाला तर लोक आधी त्याचे शेतकरी आपल्याकडं वळवतात. वर ‘जनरल ॲव्हरेज’चा (जहाज वाचवताना झालेलं नुकसान सगळ्या मालवाल्यांनी आणि जहाजवाल्यानं वाटून घ्यायचं) एक कागद आलाय, त्यावर सही करू का?

उत्तर (संभाजीनगर, फॉरवर्डिंगमध्ये आहे):

भाऊ, पूल विसरा. क्लब जहाजमालकाच्या जबाबदारीचा विमा उतरवतो, तुमच्या हळदीचा नाही. त्यात कारण आग. मालकाची स्वतःची चूक सिद्ध झाल्याशिवाय कायद्यानं तो आगीतून सुटतो. तुमच्या विमा कंपनीकडेच क्लेम लावा. ती तुम्हाला पैसे देईल आणि जमलं तर जहाजवाल्याच्या मागे लागेल. जहाज कंपनीला लेखी नोटीस मात्र आजच पाठवा. दाव्याची मुदत एकच वर्ष असते.

क्लब का भरतात म्हणाल, तर तिथं भागधारक नाहीत. जहाजमालकच सभासद, तोटा आला तर जादा वर्गणीही त्यांनीच भरायची. मोठी तेलगळती एकट्या क्लबला झेपत नाही आणि पुनर्विमा मिळून घेतला की स्वस्त पडतो. याला भिशी समजू नका. भिशीत आपला नंबर लागावा वाटतं, इथं उलट. शिवाय ज्याचे क्लेम जास्त, त्याचा पुढचा वाटाही वाढतो. आपल्याकडे २००२ पासून दहशतवादी हल्ल्यांच्या विम्यासाठी असाच पूल आहे, जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी तो सांभाळते.

तो कागद विमा कंपनीकडे द्या. बाँडवर, म्हणजे आपला वाटा भरू असं लिहून देण्यावर, तुमची सही लागेल, हमी कंपनी देते. तोवर चांगला मालही सुटणार नाही. रोख डिपॉझिट भरू नका. विझवायच्या पाण्यानं झालेलं नुकसान सगळ्यांसाठी केलेला त्याग धरतात, त्यामुळे त्यात इतरांचाही वाटा येतो. पण सौदा एफओबी होता (भाडं-विमा गिऱ्हाइकाचा) की सीआयएफ (भाडं-विमा तुमचा)?

धागाकर्ता: सीआयएफ. पॉलिसी आमच्या नावावर, पण मागे सही-शिक्का मारून कागदांबरोबर बँकेत दिलीय. गिऱ्हाइकाचे पैसे अजून आले नाहीत.

उत्तर: मग विमा कंपनीच्या आधी बँकेला फोन लावा. कागद गिऱ्हाइकाकडं पोचले का ते विचारा. पोचले असतील तर क्लेम तुम्ही करायचा की गिऱ्हाइकानं, तिथूनच सुरुवात आहे.