व्हिज्युअल कॉर्टेक्सचं (मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागाचं) मॉडेल छोटं केलं तर चालतं का?

तिसरा_थर: हजारभर न्यूरॉनचं (मेंदूतल्या चेतापेशींचं) नेटवर्क लॅपटॉपवर चालवायचं आणि 'व्हिज्युअल कॉर्टेक्स असा वागतो' असं लिहून मोकळं व्हायचं, हे थांबायला हवं. खऱ्या कॉर्टेक्समध्ये एकेका न्यूरॉनवर हजारो सिनॅप्स, म्हणजे इतर न्यूरॉनशी जोडण्या, असतात. तेवढे निरनिराळे शेजारी हजारात आणायचे कुठून? जोडण्या तेवढ्याच ठेवल्या तर सगळ्यांना तेच ते इनपुट मिळतं. कमी करून त्यांचं बळ वाढवलं, तर एकेका स्पाइकचा (न्यूरॉनच्या विद्युत ठोक्याचा) धक्का मोठा होतो.

संथ_स्पाइक: फार टोकाचं बोलताय. व्हॅन व्रीसवाइक आणि सोम्पोलिन्स्की यांनी 1996 मध्येच संतुलित नेटवर्कचा (ज्यात उत्तेजन आणि अवरोध एकमेकांना तोलून धरतात) नियम दिलाय: सिनॅप्सचं बळ जोडण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे जोडण्या 10 पटींनी घटवल्या तर बळ सुमारे 3.16 पट करा, सरासरी इनपुटमधली तूट स्थिर करंटने भरून काढा. फायरिंग रेट (सेकंदाला किती स्पाइक) जवळपास तोच राहतो. सुपरकॉम्प्युटर नसलेल्या विद्यार्थ्याने काय हात बांधून बसायचं?

तिसरा_थर: रेटचं मान्य, तिथे वाद नाहीच. पण व्हॅन अल्बाडा, हेलियास आणि डीसमान यांनी 2015 मध्ये दाखवलं, की रेट सांभाळता आला तरी न्यूरॉनमधले सहसंबंध (कोण कोणाबरोबर स्पाइक करतो ते) सर्वसाधारणपणे सांभाळता येत नाहीत. आणि ते किरकोळ नाहीत हो! 1 लाख न्यूरॉनांच्या स्पाइकची बेरीज घ्या, जोड्या होतात सुमारे 500 कोटी. जोडीमागे सहसंबंध नगण्य असला तरी एकूण चढउतारात त्याचाच वाटा मोठा. इलेक्ट्रोडवर दिसणाऱ्या लहरी अशा बेरजेतूनच येतात. छोट्या मॉडेलमधल्या लहरी खऱ्या मोजमापाशी जुळवणं म्हणूनच मला पटत नाही.

माकड_व्ही१: मग मोठं म्हणजे किती? पोट्यान्स-डीसमान यांच्या 2014 च्या मॉडेलमध्ये कॉर्टेक्सच्या 1 चौरस मिलिमीटर पृष्ठभागाखालचे सुमारे 80 हजार न्यूरॉन आहेत, जोडण्यांची संख्याही खऱ्यासारखी. तरी निम्मे सिनॅप्स त्या तुकड्याबाहेरून येतात, तिथे यादृच्छिक स्पाइक सोडावे लागतात. 2018 मध्ये माकडाचे 32 दृश्य-भाग जोडले, 41 लाख न्यूरॉन झाले, पण प्रत्येक भाग 1 चौरस मिलिमीटरचाच! आकाराचा हट्ट कुठेतरी सोडावाच लागतो.

संथ_स्पाइक: अगदी हेच. कडांच्या दिशेची निवड (एकेक न्यूरॉन ठराविक दिशेच्या कडेलाच जास्त प्रतिसाद देतो ती) कशी घडते, हा रेटचा प्रश्न. त्याला छोटं मॉडेल पुरतं.

तिसरा_थर: रेटपुरतं वापरा, पण तसं लिहा. आणि लहरींबद्दल बोलायचं असेल, तर तेच नेटवर्क निदान दुप्पट आकारात चालवून दोन्ही आलेख शेजारी छापा. तेवढं लॅपटॉपवरही जमतं.