सात वर्षांचा ऑटिझमचा मुलगा, फक्त बिस्कीट आणि भात खातो, आता चालतही नाही. वॉर्डात काय करू?

नवी_स्टाफ

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन दीड वर्ष झालं, सध्या तालुक्याच्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात आहे. एका पेशंटपायी डोकं चालेनासं झालंय, म्हणून विचारते.

मुलगा सात वर्षांचा. ऑटिझम आहे, बोलत नाही, हवी ती वस्तू आईचा हात ओढून दाखवतो. तीन आठवड्यांपासून चालणं बंद. आधी लंगडायचा, मग बसूनच राहिला, आता पाय सरळ करायला गेलं की किंचाळतो. पडताना कुणी पाहिलेलं नाही. मांडीच्या एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. 'वागणुकीचाच प्रकार आहे' म्हणून दोन ठिकाणांहून परत आलेला. आमच्याकडे ताप आणि लघवी कमी म्हणून ॲडमिट आहे, सलाईन चालू आहे.

खाणं दोन वर्षांपासून ठरलेलं. चहात बुडवून ग्लुकोज बिस्कीट आणि पांढरा भात. भाताला वरणाचा डाग लागला तरी ताट सरकवतो. बिस्कीट मोडकं निघालं तर अख्खा पुडा भिरकावतो. आधी दूध प्यायचा, आईने त्यात टॉनिक मिसळलं त्या दिवसापासून तेही सोडलं. वजन १९ किलो, म्हणजे अगदी हाडं दिसतायत असंही नाही.

आजी म्हणते, लाडाने बिघडलाय, नाक दाबून पाजा. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणतात, राइल्स ट्यूबची (नाकातून पोटात जाणारी नळी) ऑर्डर घेऊन टाक, कटकट मिटेल. काल दुपारी मीच चमच्याने खिचडी भरवायला गेले तर कडकडून चावला. मनगटावर वळ आहे अजून.

बळजबरी करावी का? ट्यूब टाकावी का? आणि आई दिवसभर कॉटखाली बसून रडते, तिला काय सांगू?

जुनी_इन्चार्ज

नाव-गाव लिहिलं नाहीस हे बरं केलंस. जखम साबणाने धुतलीस ना? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघ, मग पुढचं वाच.

खाण्याचं नंतर. आधी टॉर्च घे आणि त्याच्या हिरड्या बघ. जबडा धरून तोंड उघडू नकोस, पुन्हा चावेल आणि बरोबरच करेल. रडतो तेव्हा तोंड उघडतंच, तेव्हा बाजूने उजेड टाक. हिरड्या जांभळ्या, फुगीर, दातांवर चढल्यासारख्या आहेत का? सकाळी उशीवर रक्ताचा डाग असतो का, हे आईला विचार. मग पायाची कातडी बघ, केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके आहेत का. आणि झोपतो कसा? गुडघे वाकवून, मांड्या बाहेर टाकून, बेडकासारखा?

मी डॉक्टर नाही आणि फोरमवरून निदान करायचं नसतं. पण दोन वर्षं भात, बिस्कीट आणि चहा म्हणजे क जीवनसत्त्व जवळपास शून्य. भातात नाही, बिस्किटात नाही, उकळलेल्या दुधात असून नसल्यासारखं. आपलं शरीर ते बनवत नाही, साठाही फार तर दोन-तीन महिन्यांचा. ते संपलं की हाडाच्या आवरणाखाली रक्त साकळतं आणि पाय इतका ठणकतो की मूल चालणं सोडतं. स्कर्व्ही. आपण पहिल्या वर्षाला खलाशांचा रोग म्हणून पाठ केला, १७४७ साली जेम्स लिंडने संत्री-लिंबं देऊन खलाशी बरे केले वगैरे, आणि पेपर झाल्यावर विसरलो. ऑटिझमच्या मुलांत तो आजही सापडतो, कारण त्यांचं खाणं दोन-तीन पदार्थांवर येऊन ठेपतं. बोलता येत नसल्याने 'पाय दुखतो' हे सांगणार कोण? मग सगळ्याला एकच शिक्का: वागणूक.

वजनाने तुला फसवलं. भात-बिस्किटाने पोट भरतं, वजन काट्यावर बरं दिसतं. अंगणवाडीची दंडाची पट्टी, ती ११.५ सेंटिमीटरची, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी असते. हा त्या चाळणीतून कधीच सुटला. हिमोग्लोबिनही बघायला सांग. क जीवनसत्त्व नाही म्हटल्यावर लोह अंगी लागत नाही, वर दिवसभर चहा.

राऊंडला हे सांगशील तेव्हा रोगाचं नाव घेऊ नकोस. नवीन पोरीने निदान सांगितलं की काहींना लागतं, आणि मुद्दा तिथेच मरतो. जे दिसलं तेवढंच बोल: "सर, हिरड्या सुजल्यात, हात लागला की रक्त येतं. दोन वर्षांत फळ-भाजी पोटात नाही. पायाला स्पर्श सहन होत नाही. गुडघ्यांचा एक्स-रे घ्यायचा का?" एवढं बोलून गप्प बस. मी चौतीस वर्षं असंच करत आले. ऑर्डर त्यांची, नजर आपली.

तोवर त्याचे घोटे धरून पाय उचलू नका. चादर बदलताना मावशींना सांग, दोघींनी खालच्या चादरीसकट उचलायचं. गुडघ्याखाली मऊ उशी. टूर्निकेट (रक्त घेताना हाताला बांधतात तो पट्टा) आणि बीपीचा कफ घट्ट नको, कमरेतलं इंजेक्शन टाळता येत असेल तर टाळा, रक्त साकळतं.

आता नाक दाबण्याचं. हे मी स्वतः केलंय. १९९६ साल, माझी नोकरी कोवळी, सी.पी.ची (सेरेब्रल पाल्सी) चार वर्षांची मुलगी. पायावर आडवी घेतली, नाक दाबलं, बोंडल्याने दूध ओतलं, जसं आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत पाहिलं होतं. तिसऱ्या घोटाला ती निळी पडली. दूध फुप्फुसात. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती, वाचली. रिपोर्ट बुकात 'फीड दिलं, ठसका लागला' एवढंच लिहिलं गेलं, आणि ते अक्षर माझं होतं. त्यानंतर माझ्या वॉर्डात नाक दाबणारी आजी असो की मेट्रन, मी हात धरून बाजूला केलंय.

ट्यूब कटकट मिटवायला टाकत नाहीत. तोंडाने पाणी खरंच जात नसेल आणि सलाईनवर किती दिवस काढायचे हा प्रश्न आला, तर डॉक्टर ठरवतील. स्कर्व्ही असेल तर नाकातूनही भळभळ रक्त येऊ शकतं, हे त्यांच्या कानावर घाल. टाकायचीच झाली तर नाकाचं टोक, कानाची पाळी, छातीच्या हाडाचं खालचं टोक, असं माप घे. आम्ही वीस वर्षं सिरिंजने हवा ढकलून स्टेथोने गुडगुड ऐकली आणि 'पोटात आहे' म्हणून लिहिलं. ती खूण भरवशाची नाही. जठरातला रस ओढून पीएचच्या (आम्लता दाखवणाऱ्या) कागदावर बघ, ५.५ च्या वर आला तर फीड सुरू करू नकोस. आणि मुलाला 'खाल्लं नाहीस तर नळी टाकीन' असं कुणी म्हणता कामा नये. बोलत नसला तरी ऐकतो.

इनटेक चार्टवर 'नकार' हा शब्द आजपासून बंद. नकार कसा दिला ते लिही. बघूनच ओकारी काढली, वासाने तोंड फिरवलं, तोंडात घेऊन थुंकला, की गिळताना ठसका लागला? पहिल्या तिन्हींत पोराला ते सोसवत नाही. ठसका म्हणजे गिळण्यातच अडचण असू शकते, ते लगेच कळवायचं. ताट कुठलं, कोण जवळ होतं, पंखा चालू होता का, तेही टीप.

बिस्कीट बंद करू नकोस. उपाशी ठेवलं की झक मारत खाईल, हे या मुलांना लागू नाही. ती खरोखर उपाशी राहतात.

सोलापूरची_आई

ताईंनी लिहिलंय त्यातलं शेवटचं वाक्य मी अनुभवलंय. आमच्या डब्यातून चपाती काढून टाकायला एका पाहुण्या बाईंनी सांगितलं. माझी मुलगी अडीच दिवस फक्त पाण्यावर राहिली, चपाती परत आली तेव्हा तीही तिने सोडली होती. होता तो पदार्थही गेला.

नवी_स्टाफ, त्या आईला सांगा, दुधात टॉनिक घातलं ते तिने मायेने घातलं, पण पुन्हा त्याच्या बिस्किटात-चहात काही लपवू नको. आपल्याला कळत नाही, त्यांना कळतं. आणि तिला तुमच्या स्टुलावर बसवा हो. माझ्या वेळी एका सिस्टरनी मला नुसतं विचारलं, "तुम्ही जेवलात का?" मी तिथेच रडले.

कागदपत्रांचं: ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड निघतं. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. आम्हाला हे चार वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

घास_आणि_भाषा

मी स्पीच थेरपिस्ट. या खाण्याला आता स्वतंत्र नाव आहे, आरफिड. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आहे. बारीक होण्यासाठी न खाणं वेगळं आणि हे वेगळं. इथे वजनाचा विचारच मुलाच्या डोक्यात नसतो, पोत, रंग, वास यांचा त्रास असतो.

वॉर्डात पदार्थ वाढवायच्या मागे लागू नका, तो आजारी आहे. घरी गेल्यावर बिस्किटावरूनच पुढे सरकायचं. तेच बिस्कीट, दुसऱ्या आकाराचं. मग तशाच रंगाची खारी. मग भाजलेल्या चपातीचा कडक तुकडा. खायचा नाही, आधी ताटाच्या कडेला नुसता राहू द्यायचा. एकेका पायरीला महिना लागतो. जुन्या इन्चार्जताईंशी एक बारीक मतभेद: आडवं पाजणं धोक्याचं, तितकंच मागे रेललेल्या कॉटवर भरवणंही. पाठ टेकलेली, तळवे टेकलेले, हनुवटी किंचित खाली. पाय दुखतायत तोवर तळव्यांखाली उशी चालेल.

जुनी_इन्चार्ज

मतभेद कसला, मीच लिहायचं विसरले. बरोबर आहे.

नवी_स्टाफ

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा, ड्युट्या लागोपाठ होत्या.

हिरड्या तशाच होत्या. पुढच्या दातांवर जांभळे फुगे, मी दीड दिवस त्याला भरवत होते आणि पाहिलं नव्हतं. सरांना तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, स्वतः टॉर्च मागितला. मग गुडघ्यांचा एक्स-रे, जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन, क जीवनसत्त्व सुरू. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. ट्यूब टाकावी लागली नाही.

औषध देणं हीच खरी लढाई झाली. थेंब आंबट, पहिल्या दिवशी सगळं माझ्या ॲप्रनवर. दुसऱ्या दिवशी रिकामी सिरिंज त्याच्या हातात दिली. त्याने पाणी ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं, तासभर भिंत भिजवली. मावशी वैतागल्या. तिसऱ्या दिवशी औषध भरलेली सिरिंज मी गालाशी नेली, तर माझा हात ढकलला आणि दट्ट्या स्वतः दाबला. जरासा गेला, बाकी ओघळला. आता रोज तोच दाबतो, मी नुसती धरते. लगेच एक अख्खं बिस्कीट.

चौथ्या दिवशी पाय लांब केल्यावर किंचाळला नाही. काल कॉटची दांडी धरून उभा होता, पंख्याच्या बटणापर्यंत हात पुरतो का बघत होता. आजी अजून म्हणते दृष्ट लागली होती, पण नाक दाबायचं नाव घेत नाही.

उद्या डिस्चार्ज आहे. कार्डावर औषधांशिवाय काय लिहू?

जुनी_इन्चार्ज

शाब्बास. औषध किती दिवस, किती वेळा, ते आईला वाचता येईल अशा अक्षरात. पुन्हा वजन आणि हिमोग्लोबिन कधी, ती तारीख. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी सरांकडून आजच घे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं बसतात, 'आता मोठा झाला' म्हणून कुणी परत पाठवलं तर चिठ्ठी दाखवायला सांग. जाताना ती सिरिंजही दे, तीच, नवीन नको.

आणि खाली लिही: बिस्कीट कुठलं, कागद कुठल्या रंगाचा, अख्खंच द्यायचं. पुढच्या वेळी तो ॲडमिट होईल तेव्हा ड्युटीवर तू नसशील.