विल्किन्सन: २००३ चा उजव्या पायाचा ड्रॉप आणि पुढची तीन वर्षं

डावखुरा दहा:
इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सन मूळचा डाव्या पायाचा. तरीही २२ नोव्हेंबर २००३ ला सिडनीत, विश्वचषकाच्या फायनलमध्ये, जादा वेळेची २६ सेकंदं उरली असताना त्याने उजव्या पायाने ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर सोडून, टेकताच खांबांमधून मारलेली किक) मारला आणि इंग्लंड ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०-१७ जिंकलं. हा नाइलाज होता की तयारी? दुसरं म्हणजे, त्यानंतर तीन वर्षं तो इंग्लंडकडून खेळलाच नाही. नशीब वाईट, की खेळण्याची पद्धत? नवीन मुलांना समजावून सांगता येईल असं उत्तर हवं आहे.

रकमागचा:
किकच्या आधीचं अर्धं मिनिट बघा, लाइनआउटपासून (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये परत आत फेकतात तो). इंग्लंडच्या थॉम्पसनने थ्रो थेट रांगेत शेवटी उभ्या मूडीकडे टाकला. लांब थ्रो चुकण्याची भीती जास्त, पण तिथून चेंडू मैदानाच्या मधल्या भागात लवकर नेता येतो. मग इंग्लंडचाच कॅट चेंडू घेऊन सरळ बचावावर धडकला. अजूनही अंतर जास्त होतं. तेवढ्यात डॉसनला रकच्या (जमिनीवरच्या चेंडूभोवती झुंजणाऱ्या खेळाडूंच्या ढिगाऱ्याच्या) कडेला फट दिसली आणि तो स्वतःच चेंडू घेऊन घुसला.

इथे खरी अडचण झाली. डॉसन हा स्क्रम-हाफ, म्हणजे रकमधून चेंडू काढून पास देणारा, तोच ढिगाऱ्याखाली. मग विल्किन्सनला नेमका पास देणार कोण? म्हणून कर्णधार जॉन्सनने चेंडू घेऊन आणखी एक धडक मारली. मीटर फारसे मिळाले नाहीत, पण डॉसनला उठून जागेवर यायला वेळ मिळाला. मला तरी त्या सामन्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. बाकी, त्याच सामन्यात विल्किन्सनचे आधीचे ड्रॉप हुकले होते, हेही मुलांना सांगाच.

किकचा सराव:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तयारीच. किकिंग प्रशिक्षक डेव्ह ऑल्रेडबरोबर विल्किन्सन वर्षानुवर्षं दोन्ही पायांनी सराव करायचा. रकच्या कडेने बचावपटू अंगावर धावून येतात, तेव्हा आवडत्या पायासाठी अंग वळवण्यात जो क्षण जातो त्यात किक अडवली जाते.

ड्रॉपमध्ये पायापेक्षा हात महत्त्वाचे. चेंडू उभा धरायचा, टोक खाली, वरचं टोक किंचित आपल्याकडे झुकलेलं. कमरेच्या खालून नुसता सोडायचा, उडवायचा नाही. उंचावरून सोडला की पडताना फिरतो, टोकाऐवजी पोटावर आपटतो आणि भलतीकडे उसळतो. जमिनीला टेकताक्षणी पाय लागला पाहिजे. टेकण्याआधी लागला तर गोल धरत नाहीत. उशीर झाला तर चेंडू नडगीकडे चढतो आणि जोर जातो.

टेकूचा पाय चेंडूच्या बाजूला हवा. फार मागे राहिला तर अंग मागे झुकतं, चेंडू नुसता उंच जातो. फार पुढे गेला तर किक खाली राहते आणि समोरच्याच्या हातात लागते.

कच्च्या पायाने मारताना मुलं हमखास एक चूक करतात: चेंडू सवयीने पक्क्या पायासमोरच सोडतात. जो पाय मारणार त्याच्या कमरेच्या रेषेत सोडायला हवा. आधी किक न मारता नुसतं सोडून बघायला लावा. सरळ वर किंवा थोडा आपल्याकडे उसळला तर धरलेला बरोबर. मग पोस्टसमोर १५ मीटरवरून सुरुवात करा. आडवी दांडी ३ मीटर उंचीवर असते, दोन खांबांत अंतर ५.६ मीटर. इतक्या जवळून दिशा चुकली तर दोष हाताचा समजा.

टॅकलवाला:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दोन्ही गोष्टी आहेत, पण मानेची दुखापत खेळण्याच्या पद्धतीमुळेच झाली. त्या काळात बरेच फ्लाय-हाफ (विल्किन्सनसारखे, पास घेऊन खेळ चालवणारे दहा नंबरचे खेळाडू) टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, फॉरवर्डांवर (पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंवर) सोडून द्यायचे. विल्किन्सन स्वतः खांदा घालून मोठ्या माणसांना मागे ढकलायचा. खांदा दाबला जाऊन मान विरुद्ध बाजूला ताणली गेली की नसेला झटका बसतो, हात बधिर होतो. हे पुन्हा पुन्हा झालं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये मानेवर शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे दंडाला, गुडघ्याला, मूत्रपिंडाला दुखापती. अपेंडिक्सचं दुखणं मात्र निव्वळ दुर्दैव.

३ फेब्रुवारी २००७ ला स्कॉटलंडविरुद्ध तो परतला आणि २७ गुण केले: एक ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), दोन कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक), पाच पेनल्टी (समोरच्यांनी नियम मोडल्यावर मिळालेली किक), एक ड्रॉप. त्याच वर्षी संघ पुन्हा विश्वचषकाच्या फायनलला, दक्षिण आफ्रिकेकडून ६-१५ हार.

डावखुरा दहा:
मग २००९ मध्ये इंग्लंडमधला न्यूकॅसल क्लब सोडून फ्रान्सच्या तुलाँ क्लबला गेल्यावर तो इतका टिकला कसा?

टॅकलवाला:
दुखापती तिथेही झाल्या, पण २०११ च्या अखेरीस इंग्लंडकडून निवृत्त झाल्यावर सगळं लक्ष क्लबवर राहिलं. इंग्लंडसाठी ९१ कसोटी, १,१७९ गुण. लायन्सचे (ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त संघाकडून केलेले) ६७ वेगळे. तुलाँबरोबर २०१३ आणि २०१४ चे हाइनेकन कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा). शेवटचा सामना ३१ मे २०१४, फ्रेंच लीगची फायनल, कास्त्रविरुद्ध १८-१०. टॅकल तेव्हाही सोडलं नव्हतं. मुलांना किकबरोबर तेही दाखवा, फक्त डोकं चेंडूवाल्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायला शिकवून.